इंदूरला जाताय? मग आधी यादीतली दोन गावं खोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याचं चौघांचं कुटुंब: नवरा-बायको, 12 वर्षांचा मुलगा आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या 68 वर्षांच्या आई. डिसेंबरात शुक्रवारी रात्री निघायचं आणि सोमवारी संध्याकाळी इंदूरहून परतीची गाडी धरायची. यादीत इंदूर, उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू, शिवाय रात्रीचा सराफा, म्हणजे सोन्याचांदीच्या पेढ्यांसमोर भरणारा खाऊबाजार. हे सगळं बसेल का, आणि खायचं कुठे काय?

बसणार नाही. माझं माहेर इंदूरचं, आणि गेली 18 वर्षं मी पुण्याहून लहान लहान गट तिकडे नेते, म्हणून इतकं ठामपणे सांगते. नकाशावर सगळी नावं इंदूरच्या भोवती दिसतात खरी, पण उज्जैन उत्तरेला 55 किलोमीटर, ओंकारेश्वर दक्षिणेला 80च्या आसपास, महेश्वर 90 आणि मांडू जवळजवळ 100. प्रत्येक ठिकाणी जाऊन पुन्हा इंदूरलाच यायचं. म्हणजे अडीच दिवसांतला निम्मा वेळ गाडीच्या खिडकीतून सोयाबीन आणि गव्हाची शेतं बघण्यात जाणार.

पहिल्या वर्षी मीही असंच आखलं होतं. 22 जणांचा गट होता. ओंकारेश्वरहून परत येताना घाटात वाहनांची रांग लागली आणि आम्ही इंदुरात पोचलो तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते. सराफा चालू होता, पण खायला उतरले फक्त सहा जण, बाकीचे बसमध्येच झोपले. ज्या गोष्टीसाठी लोक पुण्याहून आले होते तीच हुकली, आणि ती माझ्या आखणीमुळे हुकली, हे मला अजून लागून राहिलंय. तेव्हापासून मी इंदूरची सहल रात्रीपासून मागे मोजत आखते. आधी सराफ्याची रात्र ठरवायची, माणसं त्या वेळी ताजीतवानी कशी राहतील ते बघायचं, आणि मग उरलेल्या वेळात वाडे, छत्र्या (म्हणजे राजघराण्यातल्या माणसांची स्मारकं), घाट बसवायचे. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र असं उत्तरेत म्हणतात, शब-ए-मालवा. दिवस तापला तरी या पठारावरची रात्र गार होते. शहर खायला बाहेर पडतं ते रात्रीच.

तर पहिलं काम: मांडू आणि ओंकारेश्वर खोडा. मांडू हे पावसाळ्यात, हिरव्या डोंगरावर ढग उतरलेले असताना, एक मुक्काम करून बघायचं गाव आहे. जहाज महाल, हिंडोळा महाल, होशंगशाहाची संगमरवरी कबर आणि टोकाचा रूपमतीचा मंडप हे सगळं दोन तासांत उरकण्यात काही अर्थ नाही. ओंकारेश्वरला पायऱ्या, पूल आणि गर्दी आहे, आईंच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही.

दुसरं काम: अख्खा कार्यक्रम एक दिवस अलीकडे सरकवा. गुरुवारी रात्री निघा, रविवारी संध्याकाळी परत फिरा. मुलाची शाळा तशीही एकच दिवस बुडणार, सोमवारऐवजी शुक्रवारी. याला दोन कारणं आहेत. इंदूरचा राजवाडा आणि लालबाग महाल सोमवारी बंद असतात. आणि सराफ्यात शनिवारी रात्री इतकी गर्दी होते की ताटली तोंडाशी नेताना कोपर दुसऱ्याला लागतं. शुक्रवारी निदान उभं राहायला जागा मिळते.

गाडी अवंतिका एक्सप्रेस. मुंबई सेंट्रलहून रात्रभराचा प्रवास, बोरिवलीलाही थांबते, तुम्हाला ठाण्याहून तेच सोयीचं. आरक्षण उघडल्या दिवशीच काढा आणि आईंसाठी खालचा बर्थ मागून घ्या. स्वतःची मोटार आणू नका. आग्रा रस्त्यानं नाशिक-धुळे-सेंधवा करत येता येतं, रस्ताही चांगला आहे, पण राजवाड्याच्या आसपास मोटार लावायला जागा शोधण्यात जीव मेटाकुटीला येतो.

आता उज्जैन. तुम्ही लिहिलंय की इतक्या जवळ जाऊन महाकालाचं दर्शन न घेता परत येणं आईंना रुचणार नाही. अगदी खरं आहे, आणि त्यासाठी वेगळा दिवस मोडायची गरजही नाही. अवंतिका इंदूरच्या आधी उज्जैनलाच थांबते. शुक्रवारी सकाळी तिथेच उतरा, सामान स्टेशनवरच्या क्लोकरूममध्ये ठेवा (बॅगेला कुलूप हवंच) आणि रिक्षानं मंदिरात जा. ऑक्टोबर 2022 मध्ये मंदिराभोवतीचा ‘महाकाल लोक’ हा नवा परिसर खुला झाला तेव्हापासून गर्दी खूप वाढली आहे, पण शनिवार-रविवारपेक्षा शुक्रवार बरा. सशुल्क शीघ्र दर्शनाची सोय आहे, आईंसाठी ती घ्याच. पहाटेच्या भस्म आरतीचा नाद या वेळी सोडा. तिची नोंदणी आधी करावी लागते आणि मध्यरात्रीपासून जागावं लागतं, ती केलीत तर रात्रीचा सराफा गेलाच समजा. दर्शन झालं की टॅक्सीनं इंदूर, तास-दीड तासात हॉटेलवर. दुपारी सगळ्यांनी झोपायचं. मुलगा कुरकुर करेल, तरी झोपवा.

हॉटेल स्टेशन, एम.जी. रोड किंवा पलासिया या भागात घ्या. विजय नगरला नवी, चकचकीत हॉटेलं आहेत, पण जुन्या शहरापासून ती लांब पडतात आणि रात्री अकराला थकलेल्या आईंना घेऊन तेवढं अंतर नको.

सराफा राजवाड्याच्या मागच्या बाजूला आहे. दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या, रात्री त्यांची शटरं खाली आली की त्याच पायऱ्यांसमोर खाऊच्या गाड्या लागतात. रात्री माणसांची जाग राहिली तर पेढ्या सुरक्षित राहतात म्हणून सराफांनीच हे चालू दिलं, असं आमच्याकडे सांगतात. आठच्या सुमाराला मांडामांड सुरू होते, खरा रंग दहानंतर चढतो आणि तो मध्यरात्रीनंतरही टिकतो. तुम्ही मात्र साडेआठलाच पोचा. रिक्षा राजवाड्याच्या चौकापर्यंत येते, पुढे थोडं चालायचं. गल्लीत बसायला जागा नसते, म्हणून माझ्या गटातल्या वयस्कर मंडळींसाठी मी घडीचं छोटं स्टूल नेते. तुम्हीही घ्या. एखाद्या बंद पेढीच्या ओट्याजवळ आई स्टुलावर बसतील आणि तुम्ही एकेक ताटली त्यांच्याकडे आणाल, ही व्यवस्था उत्तम चालते. साडेदहाला एक जण आईंना घेऊन परत, बाकीचे हवं तितकं थांबोत.

नियम एकच: चौघांत एक ताटली. सगळ्यांना वेगवेगळी घेतलीत तर तिसऱ्या गाडीवरच पोट भरेल. आधी सगळं तिखटमिठाचं, गोड शेवटी.

सुरुवात भुट्ट्याच्या किसानं करा. मक्याची कणसं किसून तो कीस तुपात हिंग-मोहरी-मिरचीवर परततात आणि दूध घालून शिजवतात. वर लिंबू, कोथिंबीर, खोबरं. दिसायला उपम्यासारखा, पण चव गोडसर आणि मऊ. आईंना हा नक्की आवडेल. त्यानंतर गराडू. हा आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद, फक्त थंडीत मिळतो, म्हणून तुमचा डिसेंबर अगदी योग्य. मोठ्या कढईच्या काठावर अर्धवट तळलेल्या फोडी रचून ठेवलेल्या असतात. तुम्ही मागितलं की त्या पुन्हा तेलात सोडतात, बाहेरून खरपूस झाल्या की द्रोणात काढून वर जिरावण भुरभुरतात आणि लिंबू पिळतात. टूथपिकनं उचलायची आणि गरम असतानाच खायची. गार झाली की गराडूत राम राहत नाही.

जिरावण म्हणजे काय, हे इथेच सांगते, कारण पुढे सारखं येणार आहे. धणे, जिरं, बडीशेप, आमचूर, काळं मीठ, हिंग, लाल मिरची, लवंग असं भाजून कुटलेला करड्या-तपकिरी रंगाचा मसाला. इंदुरात तो पोह्यांवर, खिचडीवर, गराडूवर, काकडीवर, कशावरही पडतो.

साबुदाण्याची खिचडी बघून तुम्ही म्हणाल, ही तर आपलीच. आपलीच आहे, होळकरांबरोबर आलेल्या माणसांची, पण माळव्यात येऊन बदलली. कढईत परतत नाहीत. वाफेवर ठेवलेला मोकळा, पांढराशुभ्र साबुदाणा भांड्यात घ्यायचा, त्यात मीठ, जिरावण, हिरवी मिरची, बटाट्याचा सळी-चिवडा, लिंबू, कोथिंबीर घालून दोन चमच्यांनी उलटसुलट करायचं आणि लगेच हातात द्यायचं. तूप नाही, की दाण्याच्या कुटाचा जडपणा नाही. माझ्या सासरच्या पुणेरी मंडळींना ती पहिल्यांदा पटली नव्हती. आता उपासाला घरात तीच होते.

जोशी दहीवडा हे दुकान मुलासाठी. तिथे वड्यावर दही घातलेला द्रोण हवेत उंच उडवून पुन्हा झेलतात, एक थेंब सांडत नाही. पण माझं लक्ष असतं ते त्यानंतरच्या चिमटीकडे. एकाच चिमटीत मीठ, मिरची, जिरं असे वेगवेगळे मसाले उचलतात आणि बोटं जरा जरा हलवत एकेक मसाला वेगळा सोडतात. समोर उभं राहून नीट बघा, वड्यावर रंगांच्या वेगळ्या रेघा पडताना दिसतात. खोबऱ्याचं पॅटिसही घ्या, बटाट्याच्या पारीत ओल्या खोबऱ्याचं सारण. गोडात मावाबाटी किंवा गरम जिलबी, दोन्ही नकोत, एकच. शिकंजी मागितलीत तर लिंबाचं सरबत येणार नाही. इंदूरची शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध, केशर, सुकामेवा घातलेलं दाट, थंडगार पेय, जवळजवळ जेवणच. ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

शनिवारी महेश्वर. चार गावांतलं हे एक मी कधीच गाळू देत नाही. इंदुरात येणारा मराठी माणूस राजवाड्यात अहिल्याबाईंना शोधतो, आणि त्या तिथे भेटत नाहीत. 1767 ते 1795 असा जवळजवळ तीन दशकं त्यांनी कारभार केला तो महेश्वरहून. इंग्रजांशी महिदपूरची लढाई हरल्यावर 1818 मध्ये मंदसौरचा तह झाला, त्यानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. नर्मदाकाठच्या किल्ल्यात बाईंचा वाडा बघा: लाकडी खांब, साधी ओसरी, खाली गादी. एवढ्या मोठ्या दौलतीचा कारभार इतक्या लहान जागेतून चालायचा, हे बघून माझ्या गटातली बोलकी माणसंही गप्प होतात. सकाळी तिथे मातीच्या शिवलिंगांचं लिंगार्चन होतं, बाईंच्या काळापासून चालत आलेलं. ते बघायचं तर पहाटे निघावं लागेल. तुमच्या आदल्या रात्रीचा सराफा धरून मी ते या वेळी सोडायला सांगेन.

साडेआठला पोहे खाऊन निघा, अकरापर्यंत पोचाल. गाडी किल्ल्याच्या वरच्या बाजूला नेता येते, आईंना वाडा आणि देऊळ तिथूनच दिसेल. घाटाच्या पायऱ्या मात्र खूप आहेत. त्यांना नदीपर्यंत जायचंच असेल तर गाडीवाल्याला गावातून खालच्या घाटाकडे सोडायला सांगा. घाटाजवळची कोरीव हत्तींची छत्री चुकवू नका. ती विठोजी होळकरांची. 1801 मध्ये दुसऱ्या बाजीरावानं विठोजींना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. त्याच वर्षी शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यानं इंदूर लुटून राजवाडा जाळला. आणि 25 ऑक्टोबर 1802 रोजी विठोजींचे भाऊ यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. मी पुण्याच्या लोकांना ही गोष्ट त्या हत्तींसमोर उभं राहून सांगते, कारण शनिवारवाड्यातल्या इतिहासाची दुसरी बाजू इथे, नर्मदेच्या काठावर, दगडात कोरलेली आहे.

माग बघायला किल्ल्यातल्या रेहवा सोसायटीत जा. महेश्वरी साडीच्या काठावरची लाट, वीट, चटई ही नक्षी याच घाटाच्या आणि किल्ल्याच्या दगडांवरून उतरली आहे. आधी घाट बघा, मग साडी घ्या, म्हणजे काय घेतोय ते कळेल. साडेचारच्या सुमारास होडी करा, सूर्य मावळताना किल्ला नदीतून बघायचा आणि अंधार पडता पडता परतीला लागायचं. रात्री जड काही नको. हॉटेल पलासियात असेल तर छप्पन दुकान या खाऊच्या दुकानांच्या रस्त्यावर चालत जा. तिथे बसायला नीट जागा आहे, आईंना सोपं जाईल. मुलाला जॉनी हॉटडॉग खायचा असेल तर खाऊ द्या, शिकंजीही याच रात्री.

पोह्यांचं राहिलंच. इंदुरी पोहे कढईत परतून संपवत नाहीत. हळद-मीठ लावलेले भिजवलेले पोहे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवतात आणि ते तासन् तास मऊ राहतात. त्यात बडीशेप असते, तिच्याशिवाय तो वास येत नाही. वर शेव, कांदा, लिंबू, जिरावण, आणि शेजारी गरम जिलबी. एक घास तिखट, एक गोड, असंच खायचं. एक सकाळ साध्या पोह्यांची ठेवा आणि एक उसळ-पोह्यांची. उसळ-पोहे राजवाड्याच्या भागात मिळतात, पोह्यांवर झणझणीत उसळीचा रस्सा. मिसळ खाणाऱ्याला त्यातलं नातं पहिल्याच घासाला कळतं.

रविवारी दहाच्या सुमारास राजवाडा. सात मजली दरवाज्यासमोर जरा लांब उभे राहा: खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. 1801, 1908 आणि 1984 अशा तीन आगी या वास्तूनं सोसल्या. 1984च्या दंगलीत मागचा भाग जळाला तेव्हाच्या गोष्टी माझे वडील सांगायचे, आज दिसतो तो भाग नंतर पुन्हा बांधलेला आहे. आत मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे. जेजुरीच्या देवाला माळव्याच्या मध्यभागी हात जोडताना बरं वाटतं. आईंना जिने चढवू नका, चौक आणि देऊळ पुरे. जवळच कान्ह नदीकाठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत, त्या रिक्षातून उतरून दहा मिनिटांत होतात. मग इतवारियातलं काच मंदिर, सेठ हुकुमचंदांनी बांधलेलं जैन मंदिर: भिंती, खांब, छत, सगळं काचेचं. तिथून लालबाग. होळकरांचा हा महाल 1886 ते 1921 अशा काळात टप्प्याटप्प्यानं उभा राहिला, फाटक लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाच्या धर्तीवर घडवलेलं. महेश्वरची ती ओसरी बघून एक दिवस झालेला असताना इथली झुंबरं आणि संगमरवर बघितलं की एकाच घराण्याची दोन टोकं समोर येतात. डागडुजीमुळे काही दालनं बंद असू शकतात, आदल्या दिवशी हॉटेलात चौकशी करा.

दुपारी दाल-बाफले. बाफला म्हणजे बाटीचा भाऊ, कणकेचा गोळा आधी पाण्यात उकडतात, मग भाजतात आणि तुपात बुडवतात. सोबत आंबट-गोड डाळ, कढी, लसणाची चटणी आणि लाडू. दोन बाफले म्हणजे भरपूर झालं, वाढणारा आग्रह करेल तरी हात आडवा धरा. हे जेवण मी मुद्दाम शेवटच्या दुपारी ठेवते. बाफले खाल्ल्यावर डोळे मिटतातच, आणि पुढे गाडीत बसायचं आहे. सहलीच्या मधल्या दिवशी खाल्लेत तर संध्याकाळ गेली.

खरेदी जेवणाआधी उरका: लवंगी शेव, रतलामी शेव आणि जिरावणाची दोन पाकिटं. शेव एक-एक किलोच्या पाकिटांत घ्या, सुटी घेऊ नका, बॅगेत चुरा होतो. जिरावण आणखी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, नाहीतर महेश्वरी साडीला हिंगाचा वास लागेल. डिसेंबरात रात्री पारा 10 अंशांच्या आसपास येतो, म्हणून आईंची शाल आणि मुलाची कानटोपी सामानात सगळ्यात वर असू दे, उज्जैनला सकाळी उतरल्या उतरल्या लागेल.